पावसाळ्यात चिकटपट्टी का सुटते? कातापासून पॅचपर्यंतची गोष्ट

जून उजाडला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मे महिन्यात हीच पट्टी चार दिवस टिकली होती, आता संध्याकाळपर्यंतही राहत नाही. डुप्लिकेट माल आलाय का?" बहुतेक वेळा माल चांगलाच असतो. बदललेली असते ती हवा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत मीठ पाझरतं, पापड सादळतो, दारं फुगतात, चपलांना बुरशी येते. मग तुमच्या जखमेवरची चिकटपट्टी तेवढी कोरडी ठणठणीत कशी राहील?

'सादळणं' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो अनेकदा लागणार आहे. पापडातला स्टार्च असो, पट्टीवरचा डिंक असो, नाहीतर कॅप्सूलचं कवच असो, हे सगळे पदार्थ लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असतात. अशा पदार्थांना पॉलिमर म्हणतात. वाळलेल्या पापडात या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात, म्हणून तो कडकन मोडतो. हवेतलं पाणी आत शिरलं की दोन साखळ्यांच्या मध्ये जाऊन बसतं, त्या सैल होतात आणि पापड वाकायला लागतो. चिकट थराचंही तसंच असतं. फार कडक झाला तर तो त्वचेच्या बारीक खाचांत उतरत नाही, फार सैल झाला तर घसरतो. चिकटणं हे या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात घडतं, आणि तो पट्टा ऊन, थंडी आणि दमट हवा यांच्याबरोबर सरकत असतो. माणसाने जखमा चिकटवायला सुरुवात केल्यापासून हीच अडचण त्याच्यासमोर आहे.

गोष्ट पुण्यापासून सुरू करू. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठी माणूस १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकत होता. तो टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. हा वैद्य विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता एवढंच त्या पत्रात आहे, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. कावसजीचं नाव आणि चित्र छापलं गेलं, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावं राहिली, करणाऱ्याचं मात्र राहिलं नाही. हे मला प्रत्येक वेळी वाचताना खटकतं. या पत्रामुळे लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने हीच पद्धत उचलली, १८१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ही हकीकत सगळीकडे सांगितली जाते.

त्या हकिकतीत एक बारीक तपशील आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. नवं नाक जागेवर बसवल्यावर त्या वैद्याने टाके घातले नाहीत. त्याने 'टेरा जापोनिका' पाण्यात मऊ केली, कापडाच्या पट्ट्यांना माखली आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवून सांधा धरून ठेवला. चार दिवस दुसरं काही ड्रेसिंग नाही. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड. 'टेरा जापोनिका', म्हणजे 'जपानची माती', हे त्या काळातलं युरोपी दुकानदारांचं नाव. तो पदार्थ ना जपानचा, ना माती. तो आपला पानात घालायचा कात.

कात म्हटलं की आपला जिल्हा आलाच. खैराच्या झाडाच्या लाल गाभ्याच्या ढलप्या उकळायच्या, काढा आटवायचा, थंड करायचा, हा उद्योग चिपळूण-सावर्डे भागात आजही आहे. कातकरी हे नावसुद्धा कात करण्यावरून पडलं असं मानतात. यात गंमत अशी की आटवलेल्या काढ्यातून दोन वेगळे पदार्थ निघतात. काढा थंडाव्यात निवांत ठेवला की एका घटकाचे बारीक स्फटिक होऊन खाली बसतात, तो खायचा कात. उरलेल्या गडद द्रवात मोठाले टॅनिन रेणू राहतात आणि तो वाळला की काचेसारखा चकाकणारा, ठिसूळ, गडद तपकिरी गोळा होतो. जाळी रंगवायला आणि कातडी कमवायला तो वापरत. काढा तोच, पण तो थंडीत थांबला की उकाड्यात वाळला यावर आतली रचना ठरते.

टॅनिन प्रथिनांना धरतं. कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ कशी आवळते, ते टॅनिनचंच काम. त्यामुळे कात ओला असताना कापडाला आणि त्वचेला दोन्हीकडे धरत असणार, आणि वाळल्यावर पाच-सहा थरांचं ते कापड पातळ फळीसारखं कडक होत असणार. पुण्याच्या कोरड्या हवेत हे जमलं. हीच पट्टी आषाढात रत्नागिरीत बांधली असती तर ती चार दिवसांत नीट वाळलीही नसती, असं मला वाटतं. (हे वाचून कुणी घरी जखमेवर कात लावू नये. पानाच्या डब्यातला कात निर्जंतुक नसतो, आणि आज आपल्याकडे टाके आहेत.)

त्याच सुमारास युरोपात श्रीमंतांच्या घरी वेगळीच पट्टी होती. माशाच्या पोटातली हवेची पिशवी गरम पाण्यात विरघळवायची, तो रस रेशमी कापडावर ब्रशने थर देत लावायचा, वाळवायचा आणि कात्रीने कापून ठेवायचा. लागेल तेव्हा जिभेने ओलं करून चिकटवायचं. राजदरबारातल्या बायका सौंदर्याचा तीळ म्हणून हेच लावत, म्हणून त्याला 'कोर्ट प्लास्टर' म्हणत. सुरुवातीला ही पिशवी रशियातल्या स्टर्जन माशाची असे. पण आपल्या किनाऱ्यावरच्या घोळ माशाची पिशवी, ज्याला आपले मच्छीमार भोत किंवा बोत म्हणतात, तीही मुंबईहून चीनला आणि काही प्रमाणात इंग्लंडला जात असे. १८४२ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल यांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या या मालावर एक पुस्तिकाच लिहिली होती. घोळीच्या भोताला लाखाचा भाव मिळाल्याची बातमी आज आपण वाचतो, पण त्या व्यापाराची मुळं इतकी जुनी आहेत.

भोतामध्ये असतं कोलॅजन. सुंभ वळताना तीन पेड एकमेकांत पीळ देऊन घेतात, तसे कोलॅजनचे तीन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात. गरम पाण्यात पीळ सुटतो आणि धागे मोकळे होतात, तेच जिलेटिन. आता खरी मजा इथे आहे. हा रस गरम असतानाच गरम जागी वाळवला तर धागे विस्कटलेलेच राहतात आणि पातळ थर पाण्यात चटकन विरघळतो. आधी थंड होऊ देऊन, थिजवून मग वाळवला तर धाग्यांचे बरेच भाग पुन्हा पीळ घेतात आणि थर चिवट होतो. एकाच पातेल्यातला रस, सकाळच्या गारव्यात वाळवलेला वेगळा आणि दुपारच्या उन्हात वाळवलेला वेगळा. हे का होतं हे कळायला एक्स-रेने रेणूंची मांडणी पाहता येण्याचा काळ यावा लागला.

तुमच्या औषधाच्या कॅप्सूलचं कवचही बहुधा याच जिलेटिनचं असतं. पावसाळ्यात कॅप्सूल बाटलीत ओतून ठेवल्या तर त्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात. त्या पाकिटातच राहू द्या, आणि बाटलीत आलेल्या असतील तर आतली वाळूची पुडी फेकू नका. ती पुडी तुमच्या वाटचं सादळणं स्वतःवर घेते.

१८४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बॉस्टनच्या जॉन पार्कर मेनार्ड यांनी एक नवं द्रावण जखमेवर वापरलं, कोलोडियन. आम्लात प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखं द्रावण होतं. ते जखमेवर लावलं की मिनिटाभरात ईथर उडून जातं आणि पारदर्शक कातडीसारखा पापुद्रा मागे राहतो. डॉक्टर मंडळी खूष झाली. पण दमट हवेत हा पापुद्रा दुधासारखा पांढरा पडतो आणि त्याचा चिवटपणा जातो. ईथर उडताना पृष्ठभाग एकदम थंड होतो (हाताला स्पिरिट लावलं की गार लागतं तसं), हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते, ते बारीक थेंब ओल्या पापुद्र्यात रुततात आणि वाळताना तिथे भोकं राहतात. दिसायला अखंड, आतून चाळणी. आपल्याकडचे सुतार हे न शिकता जाणतात. स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश पावसाळ्यात पांढरं मारतं म्हणून जाणते सुतार ते काम दिवाळीनंतर घेतात.

कोलोडियन अजून गेलेलं नाही. पायाच्या कुरूपावर लावायच्या काही औषधांत ते असतं. पाय धुऊन, पुसून, पंख्याखाली नीट सुकवून मगच ते लावा. आणि तुम्हाला मधुमेह असेल तर ते औषध मुळीच आपल्या मनाने लावू नका. त्यातलं आम्ल कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही, आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर जळलेलं तुम्हाला कळणारही नाही.

आता आजच्या पट्टीकडे येऊ. तिचा मूळपुरुष रबर. १८४५ मध्ये अमेरिकेत शेकट आणि डे या दोघांनी रबर विरघळवून कापडावर लावलेल्या पट्टीचं पेटंट घेतलं. रबराची ओळख तुम्हाला फणसामुळे आहेच. फणसाचा चीक सुकला की ओढून लांब होतो, बोटाला सोडत नाही, पाण्याने जात नाही. त्यातही रबराच्या जातीचा पदार्थ आणि राळ असते. म्हणून तर फणस कापण्याआधी आपण हाताला आणि सुरीला खोबरेल लावतो. रबराच्या साखळ्या पाण्याला जवळ करत नाहीत, तेलाला करतात. यात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. अंगाला तेल लावून मग पट्टी लावली तर ती चिकटणार नाही. आणि म्हाताऱ्या माणसाच्या पातळ त्वचेवरून पट्टी काढताना ती ओढू नका. कडेने खोबरेल तेल सोडा, पाच मिनिटं थांबा, मग हलकेच कातडीच्या जवळून मागे दुमडत काढा. सत्तरीपुढच्या हातावर ओढलेली पट्टी कातडीसकट येते, आणि मूळ खरचटण्यापेक्षा मोठी जखम होते.

नुसतं रबर मात्र हवामानाचं गुलाम आहे. थंडीत कडक, उन्हात लिबलिबीत. गंधक घालून त्याला पक्कं करण्याची युक्ती गुडइयरने १८३९ मध्ये शोधली, पण पक्कं केलेलं रबर चिकटत नाही. पट्टीला कच्चंच रबर लागतं, सोबत राळ. त्यामुळे कातडीला खाज आणि पुरळ येई. जर्मनीत हॅम्बुर्गच्या पॉल बायर्सडॉर्फ या औषधविक्रेत्याने १८८२ मध्ये गुट्टापर्चाच्या पट्टीचं पेटंट घेतलं. त्याच्यानंतर कंपनी घेणाऱ्या ऑस्कर ट्रोप्लोविट्झच्या काळातली एक चिकट पट्टी त्वचेला इतकी बोचायची की ती शेवटी सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढायला विकली गेली! मग रबरात झिंक ऑक्साइड घालून त्याचा त्रास कमी केला आणि १९०१ मध्ये 'ल्युकोप्लास्ट' आलं. आपल्या आजी-आजोबांच्या कपाटातल्या पत्र्याच्या गोल डबीतली पांढरी पट्टी ती हीच. १९२० मध्ये न्यू जर्सीत अर्ल डिक्सन या जॉन्सन अँड जॉन्सनच्या नोकराने स्वयंपाकात बोटं कापून घेणाऱ्या बायकोसाठी चिकटपट्टीवर मधोमध कापसाची घडी ठेवली, त्याचं 'बँड-एड' झालं. आपण सगळ्याच कंपन्यांच्या पट्टीला बँडेड म्हणतो, ते त्याच्यामुळे.

ही पट्टी थंड देशात जन्मली. इकडे आल्यावर काय झालं ते जुन्या डब्या उघडून बघा. रबराच्या साखळ्या हवेतल्या प्राणवायूने तुटतात, उष्णतेत जास्तच वेगाने. तुटलेल्या साखळ्यांचा थर आधी चिकट गाळ होतो, बोटाला लागतो आणि कातडीवर डाग ठेवतो. पुढे तो कडक होऊन झडतो. म्हणून पट्टीवरची मुदत बघत जा आणि गाडीच्या डॅशबोर्डवरची प्रथमोपचार पेटी वर्षातून एकदा तरी बदला.

१९६० च्या दशकात अॅक्रिलिक डिंक आले आणि बरंच बदललं. या साखळ्या प्राणवायूला दाद देत नाहीत, राळेचीही गरज नसते. कागदासारखी पांढरी, श्वास घेणारी जी पट्टी आम्ही आज सलाईनच्या सुईवर लावतो, ती याच घराण्यातली. तिच्यातून घामाची वाफ बाहेर जाते. १९६२ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की उघडी ठेवून खपली धरलेल्या जखमेपेक्षा पातळ पॉलिथिनने झाकून ओलसर ठेवलेली जखम जवळजवळ दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. "जखमेला हवा लागू दे" हा आपल्याकडचा सल्ला तिथे मोडला.

पण ओलसर आणि भिजट यांत फरक आहे, आणि कोकणात हा फरक जिवावर बेततो. तुमच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर हाही केराटिन नावाच्या पॉलिमरचा पापुद्राच आहे. चिखलात चार तास लावणी केल्यावर तळपाय पांढरे, सुरकुतलेले होतात तेव्हा तो पापुद्रा सादळलेला असतो. फुगलेल्या त्वचेवरून पट्टीची कड सुटते, आत शेताचं पाणी शिरतं आणि वरून पट्टी जागेवर दिसत असल्याने तुम्ही निर्धास्त असता. पट्टी अशा वेळी झाकणाऐवजी ओल्या बोळ्याचं काम करते. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात येणारे लेप्टोस्पायराचे जंतू याच वाटेने शरीरात जातात, कापलेल्या जागेतून आणि भिजून नरम पडलेल्या कातडीतून. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण येतात आणि त्यांतले काही दगावतात.

म्हणून पायाला चीर असेल आणि लावणीला जावंच लागणार असेल तर साध्या पट्टीवर विसंबू नका. गमबूट घाला. घरी आल्यावर पट्टी काढा, साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा आणि मग नवी पट्टी लावा, भिजलेली पुन्हा दाबून बसवू नका. रोज शेतात उतरणाऱ्यांना लेप्टोची प्रतिबंधक गोळी द्यायची का, हे आरोग्य केंद्रात विचारा. आणि साधारण एक-दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या कमालीच्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा आणि "मी चिखलात काम केलंय" हे वाक्य न विचारता सांगा. त्या एका वाक्याने उपचार दोन दिवस लवकर सुरू होतात.

शेवटची गोष्ट अजून आपल्या गावात नवी आहे, पण आता घरोघरी यायला लागली आहे. औषध असलेली चिकटपट्टी, म्हणजे पॅच. अमेरिकेत १९७९ मध्ये बोट लागण्यावरच्या स्कोपोलामिनच्या पॅचला परवानगी मिळाली, नंतर हृदयविकाराचे नायट्रोग्लिसरीन पॅच आले, कॅन्सरच्या वेदनेवरचे फेंटॅनिल पॅच आले. यात चिकट थरच औषधाची टाकी असू शकतो. आणि तो थर हवामानाने बदलला तर मिळणारा डोस बदलतो. पार्किन्सनसाठीच्या रोटिगोटिन पॅचच्या बाबतीत २००८ मध्ये हेच झालं. चिकट थरात विरघळलेलं औषध साठवणीत बर्फाच्या फुलांसारखे स्फटिक होऊन बाहेर पडू लागलं, आणि स्फटिक झालेलं औषध त्वचेत जात नाही. अमेरिकेत तो पॅच बाजारातून मागे घ्यावा लागला, युरोपात फ्रिजमध्ये ठेवून चालू राहिला, आणि नव्या घडणीचा पॅच २०१२ मध्ये अमेरिकेत परत आला. आटवलेल्या काढ्यात कात खाली बसतो ना, जात तीच, फक्त इथे तो बसायला नको होता.

फेंटॅनिलचा धोका उलट दिशेचा आहे. उष्णतेने त्वचेतून औषध जास्त वेगाने आत जातं. घरात कुणाला असा पॅच लावलेला असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी, शेक, गरम पाण्याची अंघोळ नको. त्या माणसाला जोराचा ताप आला, तो नेहमीपेक्षा गुंगीत वाटला किंवा त्याचा श्वास संथ झाला तर पॅच काढा आणि रात्री कितीही वाजले असले तरी त्याला लगेच दवाखान्यात आणा. पॅच कात्रीने अर्धा कापू नका. घामाने कड सुटत असेल तर लावण्यापूर्वी त्वचा नुसत्या पाण्याने धुऊन कोरडी करा, साबण, तेल किंवा पावडर नको, आणि तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. तो चिकट बाजू आत करून दुमडा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.